घानातल्या खेड्यांत पाहुणे म्हणून जाताना

घानाच्या मध्यभागी, बोनो ईस्ट प्रांतात, बोआबेंग आणि फिएमा ही जोडगावे आहेत आणि या दोन गावांनी राखलेल्या रानात माकडांची दफनभूमी आहे. गेल्या जानेवारीत आम्ही तिथे गेलो तेव्हा हरमाटानचे दिवस होते. सहारा वाळवंटाकडून येणाऱ्या त्या कोरड्या वाऱ्याने इतकी धूळ आणली होती की सकाळी नऊ वाजतासुद्धा सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते. आमच्याबरोबर गावातलाच एक तरुण वाटाड्या होता. पाचोळ्यातून चालता चालता तो थांबला, त्याने आवाज खाली आणला आणि बोट न दाखवता मानेनेच मातीच्या एका लहान उंचवट्याकडे खूण केली. त्याखाली एक माकड पुरलेले होते. गावाच्या हद्दीत माकड मरून पडलेले आढळले, तर त्याला कापडात गुंडाळून, पेटीत ठेवून, माणसासारखे विधिपूर्वक पुरण्याची इथली रीत आहे. बोआबेंगचा देव दावोरो आणि फिएमाचा अबोद्वो. माकडे ही या देवांची लेकरे, अशी दोन्ही गावांची श्रद्धा आहे.

माझे आजोळ वेल्ह्याकडचे. तिथल्या देवराईत आजी आम्हाला वाळकी काटकीसुद्धा उचलू देत नसे आणि त्याचे कारण विचारण्याची आमची हिंमत होत नसे. बोआबेंगच्या झाडांखाली उभे राहिल्यावर मला ती देवराई आठवली नसती तरच नवल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास जगापुढे मांडला तो सत्तरच्या दशकात, आणि बोआबेंग-फिएमाच्या रानावर मोठे संकट आले तेही त्याच दशकात. एका नव्या ख्रिस्ती पंथाच्या काही अनुयायांना माकडे देवाची लेकरे असल्याची कल्पना मान्य नव्हती. ती श्रद्धा खोटी आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी माकडे मारायला सुरुवात केली. तेव्हा गावकऱ्यांनी सरकारच्या वन्यजीव खात्याकडे दाद मागितली आणि १९७५ साली एन्कोरान्झाच्या स्थानिक परिषदेने उपविधी करून गावांपासून पाच किलोमीटरच्या परिघात माकड मारण्यास बंदी घातली. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या निषिद्धाला कायद्याची जोड मिळाली ती अशी.

हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे, कारण जबाबदार पर्यटनाबद्दल बोलताना तोच बहुतेक वेळा उलटा सांगितला जातो. पर्यटक आले, पैसे आले, म्हणून गावकऱ्यांना जंगलाचे मोल कळले, अशी ती गोष्ट असते. इथे तसे घडलेले नाही. रान आधी राखले गेले, त्यासाठी गावाने भांडण अंगावर घेतले, आणि पाहुण्यांची वर्दळ त्यानंतर सुरू झाली. इथल्या रानात राहणारे काळेपांढरे कोलोबस माकड आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे आणि पश्चिम आफ्रिकेत ते फार थोड्या ठिकाणी उरले आहे. त्याच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतो. फांदीला चार बोटांचा आकडा अडकवून ते असे झेपावते की मागची पांढरी शेपटी क्षणभर हवेत तरंगत राहिल्यासारखी वाटते. कोलोबस पानांवर जगते आणि सहसा झाडावरून खाली उतरत नाही. खाली येतात ती मोना माकडे, आणि ती थेट लोकांच्या अंगणात येतात.

आम्ही पोहोचल्यावर रानात शिरण्याआधी एका बैठ्या इमारतीत गेलो. भिंतीवर दरफलक होता. परदेशी पाहुणा, घानाचा नागरिक, विद्यार्थी अशा वेगवेगळ्या रकमा त्यावर रंगवलेल्या होत्या. वहीत नाव, देश आणि वेळ लिहून घेतली, पावती फाडून हातात दिली आणि मग वाटाड्याची पाळी कोणाची आहे हे पाहून त्याला हाक मारली. माझ्या नवऱ्याने सवयीने, थोडे जास्तीचे पैसे थेट वाटाड्याच्या हातात द्यायचा प्रयत्न केला तेव्हा त्याने आधी फेरी पुरी होऊ द्या असे नम्रपणे सांगितले. पावती, वही आणि पाळी या तीन गोष्टी वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटतील. मला मात्र त्या संध्याकाळी परतताना रानातल्या माकडांइतकीच ती पावती लक्षात राहिली, आणि त्यामागे तीन वर्षांपूर्वीची एक सल आहे.

घानाच्या राजधानीत, अक्रात, राहायला येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. इथल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून एका पर्यटन कंपनीची बस ठरवली. माहितीपत्रकात ‘अस्सल खेड्याला भेट’ असे लिहिले होते आणि या भेटीतून गावाला मदत होते, असेही त्यात होते. बस एका गावाच्या चौकात थांबली. आम्ही चाळीस जण उतरलो. कंपनीच्या माणसाने एका घराच्या अंगणात आम्हाला नेले, तिथे एक बाई मोठ्या उखळात फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा मऊ गोळा, कांडत होती, तिला त्याने हाताने थांबवले, मग पुन्हा कांडायला सांगितले, कारण मागे राहिलेल्यांना छायाचित्र घ्यायचे होते. आमच्यातल्या कोणीतरी मुलांना चॉकलेटे वाटली आणि पाहता पाहता तिथे रेटारेटी सुरू झाली. एक लहान मुलगी पडली, तिचा गुडघा सोलवटला. पंचवीस मिनिटांनी आम्ही बसमध्ये बसलो. गावाला काय दिले, असे मी त्या माणसाला विचारले, तर तो म्हणाला की आपण आलो हेच त्यांच्यासाठी खूप आहे. त्या बाईचे नावही आम्ही विचारले नव्हते. माझ्या फोनमध्ये तिची अकरा छायाचित्रे होती. ती मी त्याच रात्री पुसून टाकली. ती पुसून तिला काही मिळाले नाही, हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी खेड्यात जाण्याचेच टाळत होते. ते टाळणे हाही काही शहाणपणा नव्हता, हे मला माझ्या शेजारीण बाईंनी दाखवून दिले. त्या मूळच्या बोल्गाटांगाकडच्या, उत्तरेकडच्या. त्यांचे म्हणणे साधे होते: आमच्याकडे लोक येऊ नयेत असे आम्हाला वाटत नाही, कोणी कसे यावे हे आम्हाला ठरवू द्या. त्यांनीच मला सिरिगूला जायला सांगितले.

सिरिगू हे घानाच्या अगदी उत्तरेकडचे, बुर्किना फासोच्या सीमेला खेटून असलेले गाव आहे. तिथल्या बायका मातीच्या घरांच्या भिंती रंगवतात. १९९७ साली मेलानी कसिसे या शिक्षिकाबाईंनी गावातल्या बायकांना एकत्र करून कुंभारकाम आणि चित्रकामाची संघटना उभी केली. सिमेंट आणि पत्रे येऊ लागल्यावर ही कला हळूहळू मागे पडत होती, आणि गावातल्या बायकांच्या हाती स्वतःचा पैसा असा नव्हता. आज या संघटनेचे स्वतःचे आवार आहे, राहायला खोल्या आहेत, मडकी, टोपल्या आणि कापडावरची चित्रे विकण्याचे दुकान आहे, आणि पाहुण्याला हवे असेल तर भिंत रंगवायला शिकवण्याची सोयही आहे. आम्ही दोन रात्री राहिलो.

मला शिकवायला आलेल्या आजी सत्तरीच्या असाव्यात. त्यांची गुरेने भाषा आणि माझी मराठी यांच्या मध्ये इंग्रजी समजणारी त्यांची नात होती, पण पहिल्या तासाभरानंतर आम्हाला तिची फारशी गरज उरली नाही, कारण आजींनी शेण कालवायला घेतले. माती, शेण आणि पाणी यांचा तो काला हाताने भिंतीवर कसा ओढायचा, तळवा कुठे दाबायचा आणि कुठे हलका सोडायचा, हे माझ्या हातांना माहीत होते. वेल्ह्याच्या घरी दर आठवड्याला जमीन सारवताना मी ते शिकले होते. मी पहिला पट्टा ओढला तेव्हा आजींनी माझे मनगट धरून माझ्याकडे पाहिले आणि नातीला काहीतरी म्हणाल्या. नातीने सांगितले, ‘तुम्ही हे कुठे शिकलात, असे विचारते आहे.’ आमच्याकडे जमिनीला हे करतात असे सांगितल्यावर त्यांना भिंतीचे काय, हा प्रश्न पडला, आणि आमच्याकडच्या भिंतींना पोतेरे देतात, हे मी हातवारे करून दाखवले.

रंग तीनच. लाल रंग लाल मातीच्या दगडाचा, पांढरा मऊ पांढऱ्या दगडाचा, आणि काळा काळ्या दगडाची पूड करून. आधी ओल्या गिलाव्यात नक्षीच्या कडा उठावाने काढायच्या, मग रंग भरायचे, आणि ते वाळायच्या आत गुळगुळीत गोट्याने घासून घासून त्यांना तकाकी आणायची. सगळ्यात शेवटी दावादावा नावाच्या झाडाच्या शेंगांची टरफले उकळून काढलेला तपकिरी काढा केरसुणीने भिंतीवर शिंपडतात. त्याने रंग पक्के होतात आणि पावसाला थोडेफार तोंड देतात. नक्षीत अजगर असतो, गाय असते, फुटलेल्या भोपळ्याच्या तुकड्यांचे त्रिकोण असतात. माझा त्रिकोण वाकडा झाला तेव्हा आजींनी तो पुसला नाही. ओल्या बोटाने तीन बाजू सरळ करून तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावातली घरे पाहायला निघालो. एका अंगणाजवळ वाटाड्या बाई थांबल्या, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या की या घरात आज जाता येणार नाही. कारण त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्या पुढच्या घराकडे वळल्या. मला तिथे उभ्या उभ्या फार बरे वाटले. बसमधल्या त्या सहलीत फुफू कांडणाऱ्या बाईला नाही म्हणण्याची सोयच नव्हती. इथे ती होती, आणि आमच्या पावतीवरच्या रकमेने ती विकत घेता येत नव्हती. तेव्हापासून कोणत्याही गावाच्या पर्यटनाबद्दल चौकशी करताना मी मनाशी हाच प्रश्न धरते, की त्या गावातल्या माणसाला मला नाही म्हणता येते का. पैशाचा हिशेब, वाटाड्यांचे प्रशिक्षण, स्वच्छतागृहे, हे सगळे महत्त्वाचे आहेच, परंतु पाहुण्याला दारात थांबवण्याचा हक्क गावाकडे नसेल तर बाकीच्या व्यवस्थेचा उपयोग पाहुण्याच्या सोयीपुरताच उरतो, असे माझे मत झाले आहे.

सिरिगूच्या पलीकडे, सीमा ओलांडल्यावर, बुर्किना फासोमध्ये टिएबेले हे गाव आहे. रंगवलेल्या भिंतींसाठी तेच जगात अधिक प्रसिद्ध आहे आणि २०२४ साली तिथल्या राजवाड्याच्या आवाराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पण बुर्किना फासोमधल्या सशस्त्र गटांच्या हिंसेमुळे तिथे जाणारे परदेशी पाहुणे आज फार थोडे. मालीतल्या बांदियागाराच्या कड्यांखाली राहणाऱ्या डोगोन लोकांच्या गावांचेही तेच झाले. १९८९ पासून जागतिक वारसा असलेल्या त्या कड्यांवर एके काळी युरोपातून लोकांची रीघ लागे, २०१२ च्या उठावानंतर ती थांबली आणि वाटाड्यांना दुसरे काम शोधावे लागले. पर्यटनावर गाव उभे करताना हे डोळ्यांआड करून चालत नाही. २०१४ साली गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोलाची साथ पसरली तेव्हा घानात एकही रुग्ण सापडला नव्हता, तरीही पाहुण्यांनी सगळ्या पश्चिम आफ्रिकेकडे पाठ फिरवली. मार्च २०२० मध्ये घानाच्या सीमा बंद झाल्या आणि अक्राचा विमानतळ प्रवाशांसाठी पुन्हा उघडला तो सप्टेंबरमध्ये. ज्या गावात शेती, शिया झाडाच्या तेलबिया आणि टोपल्या चालू होत्या, त्या गावाने ते महिने कसेबसे काढले.

यातला सगळ्यात जुना आणि मला सगळ्यात बोधक वाटणारा प्रयोग सेनेगलमधला आहे. गाम्बिया देशाच्या दक्षिणेला कासामांस नावाचा प्रदेश आहे. भाताची खाचरे, खारफुटीच्या खाड्या आणि जोला लोकांची गावे असा तो मुलूख. सत्तरच्या दशकात तिथल्या काप स्किरिंगच्या किनाऱ्यावर मोठी परदेशी विश्रामगृहे उभी राहत होती आणि त्यांतला नफा बहुतांशी बाहेर जात होता. त्याच काळात क्रिस्तियाँ साग्लिओ हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ आणि सेनेगलचे आदामा गुदिआबी यांनी वेगळी मांडणी केली. गावानेच, गावच्या पद्धतीने, गावच्या मातीचे आणि गवताचे लहानसे विश्रामघर बांधायचे; खाटा वीस ते चाळीस, त्याहून जास्त नाहीत; स्वयंपाक गावातला; कारभार गावाने निवडलेल्या लोकांच्या हाती; आणि जे उरेल त्यातून गावाने ठरवलेले काम करायचे. एलिंकिन, एनाम्पोर अशा गावांत ही घरे उभी राहिली आणि त्यांच्या उत्पन्नातून प्रसूतिगृहे, शाळेच्या खोल्या, मच्छीमारांसाठी होड्या अशी कामे झाली.

एनाम्पोरचे घर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. जोला लोकांचे हे गोल, प्रचंड घर मध्यभागी उघडे असते आणि त्याचे गवती छप्पर आतल्या बाजूला, नरसाळ्यासारखे उतरते. पावसाळ्यात सगळे पाणी घराच्या मधोमध साठते आणि तिथून घरात वापरता येते. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यातले मधले अंगण डोळ्यांसमोर आणावे, त्याला गोल करावे आणि छपराचा उतार चारी बाजूंनी आत वळवावा, म्हणजे थोडी कल्पना येईल. पाहुण्यांसाठी बांधलेले घरही त्यांनी याच धर्तीवर बांधले. पाहुणा गावाच्या घरात राहतो, गावाशेजारी उभारलेल्या काँक्रीटच्या खोलीत नाही, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. संख्येला घातलेली मर्यादाही तितकीच मोलाची. हजारभर वस्तीच्या गावात एका वेळी तीस पाहुणे असले तर ते पाहुणे राहतात. तीनशे झाले की गावच त्यांच्या दिमतीला लागते.

कासामांसमध्ये डिसेंबर १९८२ पासून स्वतंत्रतेची चळवळ आणि सरकार यांच्यातला संघर्ष सुरू झाला आणि पुढे नव्वदच्या दशकात तो चिघळल्यावर पाहुणे येईनासे झाले, अनेक विश्रामघरे बंद पडली, काही पडझड होऊन गेली. म्हणून हा प्रयोग फसला, असे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाही. ज्या गोष्टीने तो थांबला ती गावांच्या हातातली नव्हती, आणि बांधलेले प्रसूतिगृह त्यानंतरही गावातच राहिले.

गावाच्या हाती कारभार असला म्हणजे सगळे सुरळीत चालते असेही नाही, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. बोआबेंग-फिएमाच्या आसपास बुसुन्या, अक्रुद्वा अशी इतर गावे आहेत आणि त्यांच्या शिवारातही रानाचे लहान तुकडे शिल्लक आहेत. गेल्या काही दशकांत कोलोबसची संख्या वाढली तशी काही टोळ्यांनी त्या तुकड्यांत बस्तान बसवले. माकडे तिथेही आहेत, निर्बंध तिथेही आहेत, परंतु दरफलक आणि पाहुण्यांची वही मूळच्या दोन गावांत आहे. शिवाय मोना माकडे शेतात शिरतात, परसातला मका आणि चुलीजवळचे उकडलेले याम नावाचे कंद पळवतात. आमच्या देखत एका मोनाने एका बाईच्या टोपलीतून काहीतरी लांबवले, आणि ती नुसती ‘अरेरे’ अशा अर्थाचे काही पुटपुटली, तिने दगड उचलला नाही. नुकसान सोसणारी ती बाई आणि पावती फाडणारी समिती यांच्यात पैसा कसा वाटला जातो, चीफच्या, म्हणजे गावच्या पारंपरिक प्रमुखाच्या, दरबाराला किती, जिल्हा परिषदेला किती, रानाला किती आणि तिला किती, यावरून कुरबुरी होतात आणि त्या होणारच. त्या उघडपणे बोलल्या जाव्यात, हिशेब गावापुढे वाचला जावा, एवढेच मागता येते. आपल्याकडच्या जत्रेच्या वर्गणीचा हिशेब देवळाच्या फळ्यावर लागतो तेव्हा जशी कुजबुज थांबते, तसेच ते आहे.

इथे आलेल्या मराठी स्नेह्यांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते. गावात शिरल्यावर आधी चीफकडे किंवा त्याच्या माणसाकडे जायचे. उत्तरेत कोलाच्या बिया न्यायच्या असतात, दक्षिणेत श्नॅप्स या दारूची बाटली. दक्षिणेतल्या अकान लोकांच्या गावांत चीफशी थेट बोलायचे नसते, ओक्येआमे म्हणजे त्याचा प्रवक्ता मध्ये असतो, आपण त्याला सांगायचे आणि त्याने चीफला. पहिल्यांदा हे अवघडल्यासारखे होते. पण त्यात घाई नसते, प्रत्येक वाक्य दोनदा बोलले जाते, आणि त्या संथपणात आपण कोण, कशासाठी आलो, किती वेळ राहणार हे गावाला कळते. डाव्या हाताने काही द्यायचे-घ्यायचे नाही, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. मुले ‘ओब्रोनी, ओब्रोनी’ म्हणून मागे येतील. परक्या माणसाला ते असे म्हणतात, गोऱ्यांना म्हणतात आणि आपल्यालाही. हसून हात हलवावा. खाऊ, पेन, पैसे वाटू नयेत. द्यायचेच असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून, त्यांच्या हाती. अनाथाश्रम पाहायला जाऊ नये, हे मी जरा कठोरपणेच सांगते. आईवडील हयात असलेली मुलेही अशा संस्थांत ठेवली जातात आणि त्यांच्याकडे पाहायला येणाऱ्यांमुळे तो व्यवहार टिकतो.

छायाचित्रांबाबत मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. ज्या माणसाचे नाव मला माहीत नाही, त्याचे छायाचित्र मी घेत नाही. नाव विचारायला थांबले की बोलणे होते, बोलणे झाले की बहुतेक वेळा छायाचित्राची गरज वाटत नाही. सिरिगूच्या आजींनी मात्र स्वतःहून भिंतीपुढे उभे राहून माझ्याकडे पाहिले. ते छायाचित्र मी अक्रात छापून घेतले आणि बोल्गाटांगाला जाणाऱ्या बसच्या पार्सलातून, शेजारीण बाईंच्या भावाकरवी, त्यांना पाठवले. पोहोचल्याचा निरोप नातीने फोनवर दिला. आजींना ते आवडले, पण माझा वाकडा त्रिकोण त्यात का आला नाही, असे त्यांनी विचारले होते.

जेवणाबद्दलही दोन शब्द, कारण शाकाहारी मंडळी या कारणाने खेड्यात मुक्काम टाळतात आणि डब्यातले थेपले खाऊन परततात, आणि गावात स्वयंपाक करणाऱ्या बाईची कमाई बुडते. कोन्तोमिरे नावाची पालेभाजी ही अळूच्याच कुळातल्या पानांची असते. मासे न घालता करायला आदल्या दिवशी सांगितले, तर समोर येणारे पातेले आपल्या अळूच्या फदफद्याची सख्खी मावसबहीण असते, फक्त चिंचगुळाऐवजी त्यात पामचे लाल तेल असते. वाचे म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात. ‘रेड-रेड’ म्हणजे त्याच तेलातली चवळीची उसळ आणि सोबत तळलेली पिकली केळी. मात्र आदल्या दिवशी सांगायला हवे. ऐन वेळी सांगितले की त्या बाईला दुसऱ्यांदा चूल पेटवावी लागते.

आता आमच्या मनात वेचियाऊ आहे. घानाच्या वायव्य टोकाला, वा शहराच्या पुढे, ब्लॅक व्होल्टा नदीच्या सुमारे ४० किलोमीटरच्या काठावर तिथल्या चीफमंडळींनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाणघोड्यांसाठी राखीव क्षेत्र ठरवले. पाणघोडा आता घानात फार थोड्या ठिकाणी उरला आहे. काठावरची गावे मिळून त्याचा कारभार पाहतात, त्या पट्ट्यात शेती आणि शिकार करायची नाही असे त्यांनी आपापसांत ठरवले आहे, आणि बायकांचे गट शियाच्या बिया गोळा करून विकतात. २००८ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. होडीतून नदीत जायचे आणि पाण्यावर फक्त कान आणि डोळे दिसणारे ते धूड शांतपणे पाहायचे, असे तिथले दर्शन असते.

मुलांना ऑगस्टमध्ये सुट्टी असते म्हणून मी जूनमध्येच तिथे फोन केला. पलीकडच्या माणसाने आमची चौकशी केली, किती जण, किती दिवस, पूर्वी कधी आलात का, आणि मग सांगितले की ऑगस्टमध्ये येऊ नका. पावसाने रस्ता तुटतो, नदी फुगते, पाणघोडे पसरलेल्या पाण्यात दूर निघून जातात आणि त्या दिवसांत गावातली सगळी माणसे शेतात असतात. तुमच्यासाठी होडी वल्हवायला कोणी मोकळे नसेल. मी म्हटले, आम्ही जास्त पैसे द्यायला तयार आहोत. हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला माझीच लाज वाटली. तो रागावला नाही. डिसेंबरमध्ये या, ज्वारीची कापणी झालेली असेल, म्हणाला, आणि निघण्याआधी एकदा पुन्हा फोन करा.

वा शहरापर्यंतच्या बसची तिकिटे आम्ही डिसेंबरची काढली आहेत.